सॉफ्टवेअर, ब्रँड आणि रेसिपी कंपनीच्या पुस्तकात कशी घ्यायची: अमॉर्टायझेशन पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

अमॉर्टायझेशनचं गणित पाचवीतलं पोरही करून दाखवेल. किंमत घ्यायची, वर्षांनी भागायची, आलेला आकडा दरवर्षी खर्चात टाकायचा. तरीही ऑडिटच्या दिवसांत सगळ्यात लांबलेल्या चर्चा याच कोपऱ्यात होतात, कारण वाद भागाकाराचा नसतोच. ही गोष्ट मालमत्ता आहे की नुसता खर्च? ती कोणत्या तारखेपासून झिजायला लागली? आणि किती वर्षं टिकणार? या तीन प्रश्नांची उत्तरं कंपनीत कुणाला तरी ठरवावी लागतात आणि तशी का ठरवली तेही लिहून ठेवावं लागतं. मी हे काम आर्टिकलशिपपासून, म्हणजे सीए होताना करायच्या उमेदवारीपासून करतोय. ज्या फायलीत कारण लिहिलेलं असतं तिथलं ऑडिट अर्ध्या तासात उरकतं, आणि जिथे नुसता आकडा असतो तिथे दोन दिवस फोनाफोनी चालते.

शाळेच्या पुस्तकात आपण ‘अमूर्त मालमत्ता’ आणि ‘ख्याती’ शिकलो. ऑफिसात कुणी तसं म्हणत नाही. तिथे ‘इन्टॅन्जिबल’ आणि ‘गुडविल’च चालतं. यंत्र, इमारत, गाडी यांच्यावर घसारा काढतात, इन्टॅन्जिबलवर अमॉर्टायझेशन. तत्त्व एकच आहे: आज मोजलेला पैसा पुढची काही वर्षं उपयोगी पडणार असेल, तर तो त्या त्या वर्षाच्या नफ्यावर वाटून टाकायचा.

पुढची सगळी उदाहरणं एकाच काल्पनिक कंपनीची घेतो. सांगलीतली हळद-मसाल्याची प्रायव्हेट लिमिटेड, वर्ष १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. या वर्षात तिने पाच गोष्टी केल्या. साठा आणि बिलिंगसाठी कायमस्वरूपी लायसन्सचं सॉफ्टवेअर घेतलं. निवृत्त होणाऱ्या एका जुन्या मसालेवाल्याकडून त्याचा नोंदणीकृत ब्रँड आणि रेसिपी विकत घेतल्या. ऑर्डर घेण्यासाठी स्वतःचं ॲप बनवायला दोन डेव्हलपर ठेवले. क्लाउडवरच्या पगार-हजेरीच्या सेवेचे तीन वर्षांचे पैसे एकदम भरले. आणि मालकांनी स्वतःच्या जुन्या ब्रँडचं मूल्यांकन करून आणलं. या पाचांतल्या किती गोष्टी इन्टॅन्जिबल म्हणून ताळेबंदात जातील, याचा आधी मनाशी अंदाज करून ठेवा.

सुरुवातीला: आपल्याला कोणतं मानक लागू?

शेअर बाजाराच्या मुख्य यादीत नसलेल्या आणि २५० कोटींपेक्षा कमी नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेच्या) कंपनीला साधारणपणे एएस २६ लागतं, म्हणजे इन्टॅन्जिबलचं लेखा मानक (अकाउंटिंग स्टँडर्ड). त्यावरच्या कंपन्यांना, मुख्य यादीतल्या सूचीबद्ध कंपन्यांना आणि अशा कंपन्यांच्या उपकंपन्यांना इंड एएस ३८, म्हणजे याच विषयाचं मोठ्या कंपन्यांसाठीचं मानक. आपली मसाला कंपनी एएस २६ मध्ये बसते, म्हणून लेख त्याच्याच अंगाने जातो. दोन्हींत फरक पडतो तिथे सांगेन. ग्रुपमधल्या मोठ्या कंपनीचं धोरण बघून छोट्या कंपनीत तेच चिकटवू नका. ही चूक फार दिसते.

पायरी १: ही मालमत्ता आहे का?

एएस २६ चार गोष्टी बघतं. वस्तू वेगळी ओळखता यायला हवी, तिच्यावर कंपनीचा ताबा हवा, तिच्यातून पुढे फायदा येण्याची बऱ्यापैकी खात्री हवी, आणि तिचा खर्च विश्वासाने मोजता यायला हवा. यातली ‘ताबा’ ही चाळणी सगळ्यात बारीक आहे.

सॉफ्टवेअर: लायसन्स कायमचं, आपल्या सर्व्हरवर बसवलेलं, विक्रेत्याने उद्या दुकान बंद केलं तरी चालणारं. मालमत्ता आहे. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. एखादं पॅकिंग मशीन ज्या सॉफ्टवेअरशिवाय हलतच नाही, ते सॉफ्टवेअर मशीनचाच भाग समजायचं आणि मशीनबरोबरच घसाऱ्यात टाकायचं.

क्लाउड सेवा: पैसे भरणं थांबवलं की लॉगिन बंद. ताबा आपला नाही, आपण फक्त सेवा वापरतो. त्यामुळे तीन वर्षांचे ९०,००० रुपये एकदम भरले तरी ती इन्टॅन्जिबल मालमत्ता होत नाही, तो आगाऊ भरलेला खर्च. १ जुलैपासून सेवा सुरू झाली असेल तर या वर्षी नऊ महिन्यांचे २२,५०० खर्चात जातील, आणि उरलेल्या ६७,५०० पैकी पुढच्या वर्षाचे ३०,००० चालू मालमत्तेत आणि त्यानंतरचे ३७,५०० दीर्घकालीन मालमत्तेत दिसतील. बिलावर ‘सॉफ्टवेअर’ शब्द दिसला की थेट सॉफ्टवेअरच्या लेजरला टाकणारे अनुभवी लोकही पाहिलेत. बिलातला शब्द बघू नका, करार वाचा.

विकत घेतलेला ब्रँड आणि रेसिपी: दोन्ही मालमत्ता, पण कागद पूर्ण हवेत. ट्रेडमार्कच्या मालकीबदलाचा करार झाला की तो ट्रेडमार्क रजिस्ट्रीत टीएम-पी फॉर्मने नोंदवायचा असतो. रेसिपीला कुठलंच नोंदणी कार्यालय नाही, तिथे ताबा करारातल्या गोपनीयतेच्या अटींवर उभा राहतो. म्हणून त्या अटी करारात आहेत का ते स्वतः बघा, वकिलांनी बघितलं असेल असं गृहीत धरू नका.

आता मालकांचा स्वतःचा ब्रँड. हा प्रसंग मी वेगवेगळ्या धंद्यांत पाहिलाय. मालक मूल्यांकनाचा जाडजूड अहवाल टेबलावर ठेवतात: पन्नास लाख. बँकेत कर्जाचं प्रकरण चालू असतं, ताळेबंद जरा भरदार दिसावा अशी साधी इच्छा. आपण ‘नाही’ म्हणालो की ठरलेला प्रश्न येतो: “अहो, पंचवीस वर्षं घासून नाव कमावलंय, आणि पुस्तकात त्याची किंमत शून्य?” हो, शून्य. स्वतः घडवलेला ब्रँड, ग्राहकांची यादी, स्वतः कमावलेलं गुडविल यांना मालमत्ता म्हणून नोंदायला एएस २६ ची मनाई आहे, आणि इंड एएस ३८ चीही. कारण त्यावर झालेला खर्च एकूण धंदा वाढवण्याच्या खर्चापासून वेगळा काढता येत नाही. मूल्यांकनाचा अहवाल बँकेला स्वतंत्रपणे द्या, त्यात गैर काही नाही. ताळेबंदात मात्र तो येत नाही. मजा अशी की मालकांनी उद्या हाच ब्रँड पन्नास लाखांना विकला, तर घेणाऱ्याच्या पुस्तकात तो पन्नास लाखांनी दिसेल.

ॲपचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं. स्वतः बनवत असलेल्या गोष्टीचे दोन टप्पे पाडायचे: शोध आणि विकास. ऑक्टोबर ते डिसेंबर दोन्ही डेव्हलपर वेगवेगळे पर्याय चाचपत होते, कोणतं तंत्र वापरायचं, दुकानदार ॲपवर ऑर्डर देतील की नाही हे बघत होते. प्रत्येकी ४५,००० पगार धरला तर तीन महिन्यांचे २,७०,००० हा शोधाचा खर्च, सरळ नफा-तोटा पत्रकात. डिसेंबरअखेर संचालकांनी आराखडा मंजूर केला. जानेवारी ते मार्चचे २,७०,००० विकासाचा खर्च म्हणून ताळेबंदात घेता येतात, पण सहा गोष्टी दाखवता आल्या तरच: काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकतं, ते पूर्ण करण्याचा कंपनीचा इरादा आहे, ते वापरण्याची क्षमता आहे, त्यातून फायदा कसा येणार हे सांगता येतं, पूर्ण करायला पैसा आणि माणसं आहेत, आणि खर्च नीट मोजता येतो. सहापैकी एक जरी निसटली, तरी सगळा खर्च त्याच वर्षात.

शेवटच्या अटीवर कंपन्या हमखास अडकतात. डेव्हलपर ॲपही बनवतात आणि अधूनमधून प्रिंटरही दुरुस्त करतात. कुणी किती तास कशावर घालवले याची नोंद नसेल तर ऑडिटर पगारातला एक रुपयाही मालमत्तेत घेऊ देणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. म्हणून जानेवारीच्या पहिल्या दिवसापासून साधी टाइमशीट सुरू करा. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: एकदा खर्चात टाकलेले ऑक्टोबर-डिसेंबरचे पैसे ॲप पुढे कितीही यशस्वी झालं तरी परत मालमत्तेत आणता येत नाहीत.

वेबसाइटलाही हेच लागू. नुसती जाहिरातीची, फोटो आणि पत्ता दाखवणारी साइट असेल तर तिच्यातून येणारा फायदा दाखवता येत नाही, खर्चच. साइटवरून ऑर्डर आणि पैसे येत असतील तर ॲपसारखा विचार करा.

आणखी एक जुनी खोड. कंपनी स्थापन करतानाचा खर्च, ज्याला सगळे ‘प्रिलिमिनरी एक्स्पेन्सेस’ म्हणतात, तो अजूनही काही ताळेबंदांत पाच वर्षं मालमत्तेच्या बाजूला लोंबकळताना दिसतो. आयकरात तो पाच हप्त्यांत वजा मिळतो, म्हणून पुस्तकातही तसंच करायचं असा गैरसमज आहे. एएस २६ प्रमाणे तो ज्या वर्षी झाला त्याच वर्षी संपवायचा. प्रशिक्षण आणि जाहिरातीचंही तेच.

पायरी २: किंमत ठरवा

सॉफ्टवेअरच्या बिलात चार आकडे होते: लायसन्स ४,००,०००, आपल्या गरजेप्रमाणे बदल करून बसवण्याचे १,१०,०००, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे ३०,००० आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९७,२००.

मालमत्तेची किंमत ५,१०,०००. प्रशिक्षण खर्चात. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं असल्यामुळे तो किमतीत नाही; किमतीत धरला असता तर क्रेडिट सोडावं लागलं असतं. दोन्ही लाडू एकदम खाता येत नाहीत, कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे.

ब्रँड ८,००,००० आणि रेसिपी ४,००,०००. ट्रेडमार्कच्या हस्तांतरणाचा वकील-मुद्रांकाचा खर्च ६०,०००, तो ब्रँडला जोडायचा, म्हणजे ब्रँड ८,६०,०००. इथे एक आग्रहाची सूचना. करारात बारा लाखांचा एकच आकडा लिहू देऊ नका, किंमत फोडून घ्या. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये, म्हणजे ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात, ब्रँड आणि रेसिपी वेगवेगळ्या गटांत दाखवाव्या लागतात. शिवाय विकणाऱ्याच्या वकिलाने त्यात ‘गुडविल’ हा शब्द घुसवला तर आयकरात तेवढ्या भागावर काहीच मिळणार नाही, कारण २०२१ च्या वित्त कायद्याने गुडविलवरचा घसारा बंद केला. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला होता, त्यामुळे जुन्या फायलींत तो सापडेल. त्या फायली बघून चालू नका.

पैसे दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी द्यायचे असतील तर इंड एएस ३८ मध्ये आज रोख दिली असती ती किंमत धरायची. वरचा फरक म्हणजे व्याज. एएस २६ मध्ये अशी तरतूद नाही.

पायरी ३: सुरुवातीची तारीख

पहिल्या वर्षी मी इथेच आपटलो होतो. बिलाची तारीख बघून अमॉर्टायझेशन सुरू केलं, आणि सरांनी फाइल परत माझ्याकडे सरकवून एवढंच विचारलं, “त्या दिवशी ते चालत होतं का?”

आपल्या कंपनीचं लायसन्सचं बिल १२ जुलैचं. त्यानंतर बदल, जुना डेटा भरणं, चाचण्या. ३० सप्टेंबरला विक्रेत्याने आणि आपल्या स्टोअरच्या माणसाने चाचणी पूर्ण झाल्याचं पत्र सही केलं. म्हणजे १ ऑक्टोबरला सॉफ्टवेअर वापरासाठी तयार होतं. पण मालकांचा आग्रह असा की नव्या वह्या पाडव्याला सुरू होतात, तर नवं सॉफ्टवेअरही पाडव्यालाच. त्यामुळे पहिलं बिल निघालं २२ ऑक्टोबरला.

अमॉर्टायझेशन कधीपासून? १ ऑक्टोबरपासून. मानकाचा शब्द ‘वापरासाठी उपलब्ध’ असा आहे, ‘वापरात आलेली’ असा नाही. मुहूर्ताची वाट बघणं ही आपली मर्जी. झीज त्यासाठी थांबत नाही. ते चाचणीचं पत्र फायलीत लावून ठेवा, कारण आयकराच्या पायरीला हीच तारीख पुन्हा डोकं वर काढणार आहे.

जुलै ते सप्टेंबर हे पैसे कुठे होते? ‘इन्टॅन्जिबल ॲसेट्स अंडर डेव्हलपमेंट’ या लेजरला. १ ऑक्टोबरला तिथून सॉफ्टवेअरच्या लेजरला वळवायचे.

पायरी ४: आयुष्य

एएस २६ चं गृहीतक असं की कोणत्याही इन्टॅन्जिबलचं आयुष्य वापरासाठी उपलब्ध झाल्यापासून दहा वर्षांपेक्षा जास्त नसतं. त्यापेक्षा जास्त धरायचं असेल तर पटणारा पुरावा हवा, आणि मग दरवर्षी त्याची वसूलयोग्य किंमतही, म्हणजे वापरून किंवा विकून त्यातून किती पैसे सुटतील तेही, तपासावी लागते. पण दहा ही कमाल मर्यादा आहे, नेहमीचं उत्तर नव्हे. सॉफ्टवेअरबद्दल तर मानकाच्या परिशिष्टातच म्हटलंय की तंत्रज्ञान झपाट्याने बदलतं, त्यामुळे त्याचं आयुष्य बरंच कमी, तीन ते पाच वर्षं असण्याची शक्यता आहे. आपल्या विक्रेत्याने पाच वर्षं सपोर्ट देण्याचं लिहून दिलंय, म्हणून पाच. हे एक वाक्य टिपणात आलं की काम झालं.

ब्रँडकडे बघू. ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. आपल्या ब्रँडची सात वर्षं शिल्लक आहेत. कायदेशीर हक्क संपतो तिथे आयुष्यही संपलं, असा सर्वसाधारण नियम आहे. अपवाद फक्त नूतनीकरण जवळजवळ निश्चित असेल तर. इथे फी किरकोळ आहे आणि ब्रँड चालवायचा मालकांचा ठाम विचार आहे, म्हणून सातच्या पुढे जाता येतं. मी दहा धरतो. कुणी सात धरले तरी मी भांडणार नाही. रेसिपी त्या ब्रँडच्याच पाकिटांत जाणार, म्हणून तिलाही दहा. पेटंट असतं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचा कायदेशीर हक्क मिळतो, पण बाजारात त्याचा उपयोग त्याच्या कितीतरी आधी संपलेला असू शकतो. दोन्हींतलं जे लवकर संपेल ते घ्यायचं.

इंड एएस ३८ मध्ये दहा वर्षांचं गृहीतक नाही. तिथे ‘अनिश्चित आयुष्य’ असा गट आहे, त्यावर अमॉर्टायझेशन होत नाही, फक्त दरवर्षी इम्पेअरमेंटची तपासणी, म्हणजे खरी किंमत पुस्तकातल्या आकड्याखाली घसरली का ते बघायचं. मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदांत विकत घेतलेले ब्रँड वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर दिसतात ते यामुळे. एएस २६ मध्ये ही सोय नाही.

पायरी ५: पद्धत

फायदा कोणत्या प्रमाणात संपतोय हे नक्की सांगता येत नसेल तर सरळ रेषा पद्धत, म्हणजे दरवर्षी सारखीच रक्कम. बहुतेक वेळा तीच. शेवटी उरणारी किंमत शून्य धरायची. कुणी आत्ताच ती वस्तू ठराविक किमतीला परत घ्यायची लेखी हमी दिली असेल, किंवा अशा वस्तूंचा खरा बाजार भरत असेल, तरच वेगळा विचार. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरचा बाजार मी तरी पाहिलेला नाही.

एक वेगळी पद्धत महाराष्ट्रात सगळ्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. टोलनाक्यावर थांबल्यावर आपल्याला रस्ता दिसतो. तो बांधून चालवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात मात्र रस्ता नसतो. असतो तो ठराविक वर्षं टोल गोळा करण्याचा हक्क, म्हणजे इन्टॅन्जिबल. कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल २ मध्ये अशा हक्कासाठी खास सवलत आहे: त्या वर्षी प्रत्यक्ष आलेला टोल भागिले पूर्ण मुदतीत अपेक्षित टोल, गुणिले हक्काची किंमत. सुरुवातीला वाहनं कमी, पुढे वाढणार, म्हणून सुरुवातीचं अमॉर्टायझेशन कमी. बाकी सगळ्या इन्टॅन्जिबलसाठी शेड्यूल २ म्हणतं, लेखा मानक बघा. त्यामुळे यंत्रांसारखी आयुष्यांची तयार यादी तिथे शोधत बसू नका.

पायरी ६: नोंदी

आकडे मांडू. सॉफ्टवेअर ५,१०,००० भागिले ५ म्हणजे वर्षाला १,०२,०००, सहा महिन्यांचे ५१,०००. दिवसांवर मोजलं तर १८२ दिवसांचे ५०,८६० येतात. दोन्ही चालतं, पण एकदा निवडलं की दरवर्षी तेच. ब्रँड आणि रेसिपी १ जानेवारी २०२६ ला ताब्यात आल्या, त्याच दिवसापासून त्या नावाची पाकिटं विक्रीला गेली. ब्रँडचे वर्षाला ८६,०००, तीन महिन्यांचे २१,५००. रेसिपीचे ४०,०००, तीन महिन्यांचे १०,०००.

३१ मार्च २०२६ ची रोजकीर्द नोंद अशी:

अमॉर्टायझेशन खर्च खाते, नावे ८२,५००
संचित अमॉर्टायझेशन (सॉफ्टवेअर) खाते, जमा ५१,०००
संचित अमॉर्टायझेशन (ब्रँड) खाते, जमा २१,५००
संचित अमॉर्टायझेशन (रेसिपी) खाते, जमा १०,०००

टॅलीत ही नोंद एफ ७ ने जर्नल व्हाउचरमध्ये. लेजर ‘फिक्स्ड ॲसेट्स’ खाली, पण त्यात इन्टॅन्जिबलचा वेगळा उपगट करा, नाहीतर मार्चअखेर मशीन आणि ब्रँड एकाच बेरजेत येतात. थेट मालमत्तेच्या लेजरमधून वजा करणं सोपं वाटतं, पण शेड्यूल ३ ची टीप मूळ किंमत, वाढ, घट, संचित अमॉर्टायझेशन आणि निव्वळ किंमत हे सगळं वेगवेगळं मागते, आणि तेव्हा जुनी बिलं शोधावी लागतात. आपल्या टिपेत मूळ किंमत १७,७०,०००, संचित अमॉर्टायझेशन ८२,५००, निव्वळ १६,८७,५०० असं येईल.

नोंदीची तारीख मागाहून बदलायचा मोह टाळा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग (कोणती नोंद कधी बदलली याची नोंद) ठेवणारंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं, आणि तो लॉग चालू होता का यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं.

पायरी ७: आयकराचं वेगळं गणित

पुस्तकातलं अमॉर्टायझेशन आयकरात जसंच्या तसं चालत नाही. तिथे ते नफ्यात परत मिळवायचं आणि आयकराच्या दराने घसारा वजा करायचा. १९६१ च्या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे नो-हाऊ, पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, लायसन्स, फ्रँचायझी आणि तत्सम हक्क यांचा ब्लॉक (एकाच दराच्या मालमत्तांचा गट) २५ टक्क्यांचा, घटत्या शिलकीवर, म्हणजे दरवर्षी उरलेल्या रकमेवर. सॉफ्टवेअर मात्र संगणकांबरोबर ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये जातं. सॉफ्टवेअर इन्टॅन्जिबल म्हणून २५ टक्क्यांत टाकणं ही नव्यांची ठरलेली चूक.

आता पाडव्याचा हिशेब. खरेदीच्या वर्षी मालमत्ता १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर दर निम्मा. इथे प्रश्न प्रत्यक्ष वापराचा. १ ऑक्टोबरपासून मोजले असते तर १८२ दिवस, पूर्ण ४० टक्के. २२ ऑक्टोबरपासून मोजले तर १६१ दिवस, म्हणून २० टक्के, १,०२,०००. मुहूर्तापायी तेवढाच घसारा या वर्षीचा पुढे ढकलला गेला. अशी खरेदी होत असेल तर मालकांना सप्टेंबरमध्येच सांगा. दसराही चालला असता, तो २ ऑक्टोबरला होता आणि १८१ दिवस भरले असते.

ब्रँड आणि रेसिपी ९० दिवस वापरल्या, म्हणून १२,६०,००० वर १२.५ टक्के, १,५७,५००. आयकराचा एकूण घसारा २,५९,५००, पुस्तकातलं अमॉर्टायझेशन ८२,५००. फरक १,७७,०००. कंपनी २२ टक्क्यांच्या पर्यायी दरात असेल तर अधिभार आणि सेस धरून दर २५.१६८ टक्के, म्हणून एएस २२ या कराच्या मानकाप्रमाणे स्थगित कराचं दायित्व (आज वाचलेला, पण पुढे भरावा लागणारा कर) ४४,५४७. क्लाउड सेवेच्या आगाऊ रकमेसारखे दुसरे फरक असतील तर ते वेगळे तपासा.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत. जुन्या टिपणातले क्रमांक पुढच्या वर्षाच्या फायलीत तसेच उतरवू नका.

पायरी ८: दर मार्चला काय तपासायचं

आयुष्य आणि पद्धत दोन्ही दर वर्षअखेर पुन्हा बघायच्या. समजा ३१ मार्च २०२८ ला ठरलं की हे सॉफ्टवेअर आणखी एकच वर्ष वापरायचं. तोवर २,५५,००० संपलेले, २,५५,००० शिल्लक. मग २०२८-२९ मध्ये १,०२,००० ऐवजी सगळेच २,५५,००० खर्चात. मागची वर्षं उकरायची नाहीत. हा अंदाजातला बदल आहे, चूक नव्हे. त्याचा परिणाम टिपेत सांगायचा.

ब्रँडची विक्री कोसळली, भेसळीच्या बातमीने नाव खराब झालं, असं काही घडलं तर इम्पेअरमेंटच्या मानकाप्रमाणे, म्हणजे एएस २८ प्रमाणे, वसूलयोग्य किंमत काढून फरक लगेच खर्चात. अजून तयार न झालेल्या ॲपसाठी तर काही वाईट घडलेलं नसलं तरी ही तपासणी दरवर्षी करायची. पुनर्मूल्यांकन करून किंमत वाढवणं एएस २६ मध्ये अजिबात नाही.

ॲपचे २,७०,००० ‘अंडर डेव्हलपमेंट’मध्ये आहेत, त्यांची वयानुसार सारणी द्यावी लागते: एक वर्षाच्या आतले, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीनपेक्षा जास्त वर्षांचे. चालू आणि तात्पुरती थांबवलेली कामं वेगळी. ठरलेली तारीख किंवा अंदाजपत्रक ओलांडलं असेल तर ते काम कधी संपणार हेही सांगायचं. तीन वर्षांपुढच्या रकान्यात आकडा दिसला की बँकेचा माणूस पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

आणि एक रजिस्टर. कारो २०२० (ऑडिटरने अहवालात काय काय लिहायचं हे सांगणारा सरकारी आदेश) लागू असलेल्या कंपन्यांत इन्टॅन्जिबलच्या संपूर्ण नोंदी आहेत का हे ऑडिटरला लिहावं लागतं. आपल्याला लागू नसलं तरी ठेवा. एक्सेलची एक शीट पुरते: काय घेतलं, कुणाकडून, कराराचा क्रमांक, किंमत कशी बनली, उपलब्ध झाल्याची तारीख आणि तिचा पुरावा, प्रत्यक्ष वापराची तारीख, आयुष्य, ते तेवढंच का, आयकराचा ब्लॉक, आणि ट्रेडमार्कच्या नूतनीकरणाची तारीख. ‘तेवढंच का’ हा रकाना बहुतेक शीट्समध्ये रिकामा सापडतो. त्यामागचं कारण डोक्यात ताजं असताना, खरेदीच्या आठवड्यातच तो भरा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संचालक फोन उचलत नाहीत.